छोट्या कलादालनात पहिल्यांदा जाताय? आधी हे वाचा

कोल्हापुरात दसरा चौकात राजर्षी शाहू स्मारक भवन आहे. तिथल्या कलादालनात सतत कुणा ना कुणाचं प्रदर्शन लागलेलं असतं. बाहेर फ्लेक्स, दारात रांगोळी, उद्घाटनाच्या समईखाली तेलाचा डाग, आणि आत टेबलापाशी वही घेऊन बसलेला एक माणूस. व्याख्यानाला आलेली मंडळी वेळ काढायला म्हणून या दारापर्यंत येतात, मान आत घालतात आणि त्या माणसाशी नजरानजर झाली की मागे फिरतात. मी स्वतः असा तीनदा परत फिरलोय. चौथ्यांदा आतूनच आवाज आला, "या की आत. बाहेरनं काय दिसतंय?"

त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून अशा लहान कलादालनांत मी एवढा रेंगाळलोय की नव्याने जाणाऱ्याला चार गोष्टी सांगू शकेन. मी चित्रकार नाही. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेत माझ्या स्थिरचित्रातला तांब्या कलंडला होता, त्यानंतर ब्रश हातात धरलेला नाही. त्यामुळे हे सगळं बघणाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं आहे असं समजा. उदाहरणं कोल्हापूरची आहेत, पण सांगली, सातारा, पुणे, नाशिक, कुठल्याही गावच्या दालनात थोड्याफार फरकाने हेच चालतं.

आधी आत शिरा

तिकीट नसतं. चित्रकार ओळखीचा असावा लागत नाही. कपडे कसेही चालतात. टेबलावरचा माणूस बहुतेक वेळा स्वतः चित्रकार किंवा फोटोग्राफर असतो, नाहीतर त्याचा भाऊ, बायको, विद्यार्थी. सकाळपासून बसून तो कंटाळलेला असतो आणि तुम्ही आलात याचाच त्याला आनंद असतो. नमस्कार करा आणि सरळ भिंतीकडे वळा. वहीत नाव आत जाताना लिहायची गरज नाही, ते निघताना.

दिवस निवडता आला तर उद्घाटनाचा दिवस टाळा. उद्घाटनाला भाषणं असतात, शाल-श्रीफळ असतं, सत्कार असतात, चहाचे कप घेऊन चित्रांकडे पाठ करून उभी असलेली माणसं असतात. सगळं छान असतं, फक्त चित्र दिसत नाही. मधल्या दिवशी दुपारी तीन-चारला गेलात तर दालन जवळजवळ तुमचंच. अशी प्रदर्शनं चार-पाच दिवसांची, फार तर आठवड्याची असतात. तेव्हा "पुढच्या रविवारी जाऊ" म्हटलं की ते उतरलेलं असतं. पेपरातल्या छोट्या बातमीत तारखा आणि वेळ दिलेली असते ती नीट बघा, दुपारची सुट्टी आहे का तेही.

एक गोष्ट दारातच करा. पाठीवर सॅक असेल तर काढून हातात घ्या किंवा टेबलापाशी ठेवा. एकदा मी एका छायाचित्रापासून मागे सरकत सरकत पाठीमागच्या चित्रावर सॅक घासली होती. चित्रं वरच्या पट्टीवरून नायलॉनच्या दोरीने सोडलेली असतात, त्यामुळे ते पडलं नाही, पण घड्याळाच्या लंबकासारखं डुलायला लागलं. चित्रकार समोरच बसले होते. "काय नाही, काय नाही," म्हणत ते उठून आले आणि चौकट सरळ करताना त्यांचा हात किंचित थरथरत होता. त्या चित्राला काच नव्हती.

पहिली फेरी भरभर

एका भिंतीपासून सुरू करून सगळ्या चित्रांवरून एकदा नजर फिरवून या. पाच मिनिटं पुरे. पाट्या वाचू नका, काही ठरवू नका. नव्या माणसाची चूक अशी होते की तो पहिल्याच चित्रापुढे जबाबदारीने पाच मिनिटं उभा राहतो, दुसऱ्यापुढे चार, आणि दहाव्याला पोचेपर्यंत पाय दुखायला लागलेले असतात. लग्नाच्या पंगतीत पहिल्या वाढपातच पोट भरून घेण्यासारखं आहे ते.

या फेरीत एवढंच बघायचं: पाय आपोआप कुठे रेंगाळले? तीस-चाळीस चित्रांत तशी दोन किंवा तीन निघतात. ती सुंदरच असतील असं नाही. कधी एखादं चित्र नुसतं खटकतं. खटकलं तरी चालेल, तेही धरा. बाकीच्यांना आज नमस्कार. सगळी चित्रं बघितलीच पाहिजेत असा दंडक नाही, आणि चित्रकारालाही तो अपेक्षित नसतो.

मग एकापाशी थांबा

आता खरं काम. समजा तुमचे पाय पंचगंगेच्या घाटाच्या एका जलरंगचित्रापाशी थांबलेत. कोल्हापूरच्या प्रदर्शनात घाट नसेल असं सहसा होत नाही. रंकाळ्याचा संध्यामठ, पन्हाळ्यावरचं धुकं, गुऱ्हाळाचा धूर आणि पंचगंगा घाट, एवढ्यावर इथल्या कित्येक पिढ्यांचे हात बसलेत. त्यामुळे "परत घाटच का?" असं मनात आलं तर लाजू नका. पण तेच ते ठिकाण असल्यामुळे एक फायदा होतो. विषय सगळ्यांचा सारखा असला की माणसागणिक काय बदलतं ते दिसायला लागतं.

आधी चार-पाच पावलं मागे या. डोळे किलकिले करा, म्हणजे पापण्या अर्ध्या मिटून बघा. बारकावे नाहीसे होतील आणि चित्रात फक्त गडद आणि फिके असे मोठे ठिगळ उरतील. दीपमाळा आणि देवळं मिळून एक गडद आकार, पाणी आणि आभाळ मिळून एक फिका आकार. चित्रकार याला 'टोन' म्हणतात. ही मांडणी पक्की असेल तर रंग कसेही असोत, चित्र लांबून उभं राहतं. ती ढिली असेल तर जवळ जाऊन कितीही पायऱ्या मोजा, काहीतरी विस्कटल्यासारखंच वाटतं. ही एक युक्ती मला एका कलाशिक्षकाने शिकवली आणि चित्रं बघायची माझी सवयच पालटली. हसू येईल इतकी सोपी आहे. घरी कॅलेंडरवर करून बघा.

आता पुढे या, हातभर अंतरावर. हात पाठीमागे बांधून ठेवा, कारण बोट आपोआप पुढे जातं. जवळून घाट नाहीसा होतो. राहतात ते फटकारे. पायरी म्हणजे पायरी नसते, तपकिरी रंगाची एक ओली पट्टी असते आणि तिची खालची कड पाण्यात विरघळून गेलेली असते. कागद ओला असतानाच दुसरा रंग सोडला की तो असा पसरतो. चित्रकार त्याला 'ओल्यात ओलं' म्हणतात. कागद किती ओला असताना रंग सोडायचा ते हाताला कळावं लागतं. अर्धा मिनिट आधी सोडला तर सगळा चिखल, अर्धा मिनिट उशीर झाला तर कडेला कोबीच्या पानासारखा डाग. धुणं धुणाऱ्या बाईचं पांढरं लुगडं बघा. तिथे पांढरा रंग लावलेलाच नसतो, तो कोरा ठेवलेला कागद आहे. म्हणजे चित्र सुरू करण्याआधीच चित्रकाराला ती बाई कुठे वाकणार हे ठाऊक होतं, आणि भोवतीची सगळी नदी त्याने तेवढी जागा सोडून रंगवली.

हे एकदा कळलं की जलरंगाकडे बघायची नजर बदलते. तैलरंगात चुकलं तर खरवडता येतं, वरून पुन्हा रंगवता येतं. जलरंगात फारशी माफी नाही. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर कुठे ना कुठे पाहिलं असेल, ज्योतीवर तळहात आडवा धरलेला आणि बोटांच्या कडांतून उजेड झिरपतोय. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा 1906 मध्ये गेला, हे चित्र चाळीसच्या दशकातलं. आणि ते तैलरंग नाही, जलरंग आहे. चित्राला उभी राहिलेली मुलगी म्हणजे हळदणकरांची लेक गीता. लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या आणि 2018 मध्ये वयाच्या 102 व्या वर्षी कोल्हापुरातच वारल्या. आता पुन्हा कधी ते चित्र समोर आलं तर त्या तळहाताकडे बघा आणि मनाशी म्हणा, हा सगळा उजेड पाण्याने रंगवलाय.

जवळ, लांब, परत जवळ. असं तीन-चारदा करा. दहा मिनिटं जातात. तोवर टेबलावरचा माणूस तुमच्याकडे बघायला लागलेला असतो.

पाटी वाचा, पण आता

चित्राखालच्या चिठ्ठीवर बहुधा चार गोष्टी असतात: शीर्षक, माध्यम, आकार, किंमत. शीर्षकावर फार भरवसा ठेवू नका. 'अंतर्मन 3', 'सृजन', 'द जर्नी' अशी शीर्षकं बरेचदा आदल्या रात्री चिठ्ठ्या छापायला द्यायच्या म्हणून सुचलेली असतात. मी हे चित्रकारांच्याच तोंडून ऐकलंय.

माध्यम मात्र नीट वाचा. 'जलरंग, कागदावर', 'ॲक्रिलिक, कॅनव्हासवर', 'तैलरंग, कॅनव्हासवर', 'चारकोल', 'मिश्र माध्यम'. ॲक्रिलिक आणि तैलरंग लांबून सारखे दिसतात. ॲक्रिलिक पाण्यात मिसळतात आणि बघता बघता वाळतात. तैलरंग वाळायला कित्येक दिवस, जाड थर असेल तर महिने घेतात. दालनात जवसाच्या तेलाचा वास आला तर चित्र ताजं आहे असं समजा. कडेने बघितलं तर रंगाचे उंचवटे दिसतील, त्यातले सपाट, धारदार कडांचे थर ब्रशचे नसून नाईफचे असतात, म्हणजे लापीसारखा रंग सुरीने चोपडलेला.

आकार इंचांत असतो. कागदावरच्या चित्रांत 22 × 30, 15 × 22 आणि 11 × 15 हे आकडे पुन्हा पुन्हा भेटतील. पूर्ण ताव, त्याचा अर्धा आणि त्याचा पाव, बोलताना 'फुल शीट', 'हाफ', 'क्वार्टर'. बहुतेक नवे चित्रकार किंमत आकारावर ठरवतात, त्यामुळे तेच कौशल्य तुम्हाला क्वार्टरमध्ये परवडू शकतं.

अमूर्त चित्रांबद्दल लोक फार घाबरून विचारतात. माझं उत्तर छोटं आहे: त्यात लपलेला हत्ती शोधू नका. डोळे किलकिले करणं, जवळ-लांब होणं तिथेही चालतं. आवडलं नाही तर पुढे जा.

छायाचित्रांपुढे उभं राहायची रीत वेगळी

चित्र आणि छायाचित्र एकाच प्रदर्शनात असली की माणसं चित्राला मान देतात आणि फोटोवरून भराभर निघून जातात. कारण उघड आहे. फोटो रोज शेकड्याने बघतो आपण, अंगठ्याने वर सरकवत. आणि मनात कुठेतरी असतंच, बटण दाबलं की झालं.

जोतिबाच्या चैत्र यात्रेचं एक छायाचित्र समोर आहे असं धरा. डोंगरावर चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या, नाचतात आणि गुलालाने आख्खा डोंगर गुलाबी होतो. हेही घाटासारखंच, दरवर्षी शेकडो कॅमेरे तिथे असतात. त्यात हा एक फोटो भिंतीवर का आला?

आधी मधला भाग सोडून कडा बघा. चारही कडांवरून नजर फिरवा. चित्रकार कोऱ्या कागदावर वस्तू आणून ठेवतो, फोटोग्राफरला उलटं करावं लागतं, समोर सगळं खच्चून भरलेलं असतं आणि त्याला काढून टाकायचं असतं. डावीकडे अर्धा कापलेला हात आत का ठेवलाय? वर सासनकाठीचं टोक चौकटीच्या बाहेर का जाऊ दिलंय? कधी त्याला उत्तर असतं, कधी ती नुसती चूक असते. पण हा प्रश्न विचारला की तुम्ही फोटो बघायला लागलात.

मग गुलालाकडे बघा. उधळलेला गुलाल हवेत कणाकणाने थिजलाय की धुरासारखा वाहतोय? शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकंच उघडलं की कण थिजतात, पंधराव्या भागापर्यंत उघडं ठेवलं की गुलालाची नदी होते आणि नाचणाऱ्यांचे पायही पुसट होतात. दोन्ही खरं आहे, पण दोन्हींतून यात्रा वेगवेगळी ऐकू येते. एका प्रदर्शनात मी जोतिबाचा कृष्णधवल फोटो पाहिला होता. गुलालच काढून घेतलेला! आधी राग आला. नंतर लक्षात आलं की गुलाल गेल्यामुळे पहिल्यांदाच एका म्हाताऱ्याचे मिटलेले डोळे दिसताहेत, रंगात ते बुडून गेले असते.

फोटोग्राफरला "कॅमेरा कुठला?" हा प्रश्न विचारू नका. तो दिवसातून तीस वेळा त्याचं उत्तर देतो. "तिथे किती वेळ थांबला होता?" हे विचारा. त्यावर माणूस खुलतो. पहाटे तीनला डोंगर चढल्याची, लेन्सला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळल्याची, तरी आठवडाभर कॅमेऱ्यातून गुलाल झटकल्याची गोष्ट त्यावर निघते.

आणि फोटो सुंदरच असावा ही अट सोडून द्या. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रं वर्षानुवर्षं काढली, मॅनहोलमध्ये उतरलेली माणसं, त्यांची घरं. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तशा फोटोंपुढे "काय सुंदर!" म्हणवत नाही, आणि म्हणूही नये. आपल्या गावच्या दालनातही कधी असं काही लागतं, तालमीतल्या पैलवानांचे कान, ऊसतोड टोळीच्या खोपी. तिथे एकेक फोटो सुटा बघण्यापेक्षा ओळीने सगळे बघा. तो एक मजकूर असतो आणि त्याचा क्रम लावायला फोटोग्राफरने रात्री घालवलेल्या असतात.

एक अगदी व्यवहारातली अडचण. फोटोला बहुधा काच असते आणि काचेत तुम्ही दिसता. पांढरा शर्ट घालून गडद फोटोपुढे उभं राहिलं तर पैलवानाच्या छातीवर तुमचं पोट दिसतं. थोडं तिरकं उभं राहा. दालनातले दिवेही काचेत चमकतात, त्यावर उपाय एकच, गुडघे वाकवून बघणं. हसतात लोक, हसू द्या.

चित्रकाराशी बोला

मोठ्या शहरातल्या नामांकित गॅलऱ्यांत हे सुख मिळेलच असं नाही. छोट्या दालनात चित्र करणारा माणूस दहा फुटांवर खुर्चीत बसलेला असतो. त्याचा फायदा न घेता परत येणं म्हणजे नरसोबाच्या वाडीला जाऊन दत्ताचं दर्शन न घेता बासुंदी खाऊन येण्यासारखं आहे.

"याचा अर्थ काय?" असं विचारलं की तो बिचारा अवघडतो आणि मग पेपरात छापल्यासारखं काहीतरी बोलतो. "कसं केलं?" असं विचारलं की उठून चित्रापाशी येतो. कुठून सुरुवात केली, हे जागेवर बसून केलं की घरी, इथे हा निळा कसा आला, सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला, फसलं कुठे. शेवटचा प्रश्न जपून विचारायचा, पण विचारायचा. मला एकाने उत्तर दिलं होतं, "ही होडी आहे ना, ती नव्हतीच. डाग पडला, त्याची होडी केली." त्यानंतर तो बराच वेळ हसत होता, आणि मला त्या चित्रातलं दुसरं काही आता आठवत नाही.

दोन वाक्यं मात्र टाळा. चित्रकाराला "अगदी फोटोसारखं हुबेहूब!" आणि फोटोग्राफरला "अगदी पेंटिंग वाटतंय!" आपण कौतुकच करत असतो, पण समोरच्याचा चेहरा बघा कसा होतो तो. तिसरं वाक्य "माझा पुतण्याही छान काढतो." ते मी स्वतः म्हटलेलं आहे.

प्रदर्शनाला जोडून प्रात्यक्षिक असेल तर ते चुकवू नका. एखादे ज्येष्ठ चित्रकार समोर माणूस बसवून तास-दीड तासात व्यक्तिचित्र करतात, आणि सगळे खुर्च्या ओढून गप्प बसून बघतात. पहिली वीस मिनिटं नुसते डाग दिसतात. मग एका फटकाऱ्यात नाक येतं. अख्खं सभागृह एकदम "आहा" म्हणतं, गाण्याच्या बैठकीत समेवर म्हणतात तसं. कलानिकेतन आणि दळवीज आर्ट्स या इथल्या कलासंस्थांतली पोरं जमिनीवर मांडी घालून बसलेली असतात, त्यांच्या वह्यांत डोकावा. तेही एक प्रदर्शनच असतं.

मोबाइलने फोटो काढायचा तर आधी विचारा. बहुतेक जण "खुशाल काढा" म्हणतात, फ्लॅश बंद ठेवा एवढंच. काही जण नको म्हणतात, कारण नक्कल होते. त्यावर वाद घालू नये. कुठे टाकणार असाल तर चित्रकाराचं नाव लिहा.

मुलांना घेऊन जावं का? जरूर. त्यांना एकच काम द्या: घरी न्यायचं झालं तर कुठलं नेशील ते शोध. ती आपल्यापेक्षा चोख निवडतात आणि कारणही देतात.

वहीत काय लिहायचं

निघताना अभिप्रायाची वही पुढे येते. आधीची पानं वाचून बघा, 'अप्रतिम', 'खूपच सुंदर', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा', पानामागून पान. ते वाईट नाही. पण प्रदर्शन उतरल्यावर रात्री चित्रकार ती वही वाचतो, दोनदा वाचतो. तेव्हा एका चित्राचं नाव घेऊन एक ओळ लिहा. 'घाटावरच्या बाईचं लुगडं कोरं सोडलंय ते आवडलं.' झालं.

आणि विकत घ्यावंसं वाटलं तर

चित्राच्या चिठ्ठीवर लाल टिकली लावलेली दिसली तर ते विकलं गेलंय. खरंच कुंकवाच्या पाकिटातली टिकली लावलेली मी पाहिलीये. अर्धी टिकली किंवा वेगळ्या रंगाची असेल तर कुणीतरी बोलून ठेवलंय, विचारून घ्या.

किंमत विचारण्यात लाज नाही, आणि परवडत नसेल तर "बघतो" म्हणून सटकण्यापेक्षा "आज जमत नाही, पण आवडलं" म्हणणं बरं. घासाघीस करू नये असं माझं मत. भाजी नाही ती. "याच्यापेक्षा लहान काही आहे का?" असं विचारा. टेबलाखालच्या फोल्डरमध्ये चौकट न केलेली छोटी चित्रं, रेखाटनं असतात, ती निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकतात. माझं पहिलं चित्र मी असं फोल्डरमधूनच घेतलं, पोस्टकार्डाच्या दुप्पट असेल. थोडी आगाऊ रक्कम द्यायची, पावती घ्यायची, चित्र प्रदर्शन संपल्यावर न्यायचं. भिंत रिकामी दिसू नये म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत ते तिथेच राहतं. पावतीवर चित्राचं नाव, माध्यम, आकार, साल आणि सही हवी.

छायाचित्र घेताना आणखी एक बघा. कोपऱ्यात किंवा मागे 3/10 असं काही लिहिलेलं असतं. म्हणजे या फोटोच्या दहाच प्रती काढायच्या ठरल्यात आणि ही तिसरी. काही लिहिलेलं नसेल तर सरळ विचारा, किती प्रती काढणार? कागद कुठला तेही विचारा, साध्या चकचकीत कागदावरची प्रत आणि सुती कागदावर टिकाऊ शाईने काढलेली प्रत यांच्या किमतीत आणि आयुष्यात बराच फरक असतो.

आता माझी फजिती, म्हणजे तुमची टळेल. ते पहिलं जलरंगचित्र मी घराजवळच्या एका फ्रेमवाल्याकडे दिलं. त्याने काच थेट कागदावर टेकवून चौकट ठोकली, मागे साधा पुठ्ठा. मला काय कळतंय, छान दिसत होतं. टांगलं पश्चिमेच्या भिंतीवर. पहिल्याच पावसाळ्यात भिंत आतून ओली झाली, आणि गणपतीत बघतो तर आभाळात करडे ठिपके. मला वाटलं ढग आहेत. बुरशी होती. कागद काचेला चिकटला होता, सोडवताना आभाळाचा एक तुकडा काचेबरोबर गेला.

तेव्हा कागदावरच्या चित्राला भोवतीने माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची आतली चौकट, घालून घ्या, म्हणजे काच आणि कागद यांत फट राहते. माउंट आणि मागचा बोर्ड आम्लरहित मागा, नाहीतर काही वर्षांत कडा पिवळ्या पडतात. चौकटीची मागची बाजू कागदी टेपने बंद करा आणि खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चौकट यांत वारा खेळतो. पावसाचा मारा लागणारी भिंत, स्वयंपाकघराजवळची भिंत आणि थेट ऊन येणारी भिंत, तिन्ही बाद. कॅनव्हासवरच्या तैलरंगाला आणि ॲक्रिलिकला काच लागत नाही, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडली की झालं. ओलं फडकं लावू नका.

टांगायची उंचीही सांगतो, कारण आपल्याकडे चित्र देवाच्या तसबिरीसारखं दाराच्या वर लावायची सवय आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 58 ते 60 इंचांवर यावा. दालनात साधारण तेवढ्यावरच असतो, म्हणून तिथे मान दुखत नाही.

यानंतर कुठे

दोन-तीन प्रदर्शनं झाली की जुनं बघावंसं वाटायला लागतं. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय आहे. सिनेमातले 'चंद्रकांत' ते हेच. स्वतःचं घर आणि चित्रं त्यांनी सरकारच्या हवाली केली. त्यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रं, कोरडी भुकटी कागदावर चोळून केलेली, जवळून बघा, ब्रशचा फटकारा कुठे सापडणार नाही. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू बघून झाल्या की कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांपाशी थांबा. आबालाल रहिमान 1931 मध्ये गेले, कोटितीर्थ तलावाच्या काठी बसून त्यांनी वर्षानुवर्षं चित्रं केली. शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं पाण्यात सोडून दिली असं इथे सांगतात. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले, त्यांचा 'सैरंध्री' 1920 चा. एक दिवस मोकळा असेल तर सातारा जिल्ह्यातलं औंध गाठा. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये टेकडीवर उभारलेल्या भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. कॅलेंडरवरची रविवर्म्याची लक्ष्मी बघून बघून डोळ्याला झालेली सवय तिथे दहा मिनिटांत मोडते. सुट्टीचा वार आणि वेळ आधी विचारून निघा.

आणि गावातल्याच प्रदर्शनाला कधीतरी शेवटच्या दिवशी, बंद व्हायच्या वेळेला जा. रात्री आठला दिवे अर्धे होतात आणि उतरवाउतरवी सुरू होते. दोऱ्या सुटतात, चित्रं भिंतीला टेकवून जमिनीवर उलटी ठेवली जातात. कॅनव्हासच्या मागे जुन्या प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या, खोडलेल्या किमती, कुठेतरी दुसरंच अर्धवट चित्र, एखाद्याच्या मागे फक्त 'आईसाठी' असं पेन्सिलीने लिहिलेलं. जुन्या चादरींत ती गुंडाळून टेम्पोत चढवायला माणसं कमी पडतातच. एक बाजू धरा. खालून धरायचं, दोरीला नाही.